विकलेली पेटी

रायगडच्या किनारपट्टीवर पेटीची खरी परीक्षा श्रावणात होते. ज्येष्ठाच्या सुरुवातीला गुंडाळून माळ्यावर चढवलेली पेटी गणपतीच्या आधी आठ-पंधरा दिवस खाली उतरवली जाते. वरचे जुन्या लुगड्याचे फडके सुटते आणि भाता पहिल्यांदा हलवल्याबरोबर पावसाने काय केले ते कळते. पट्ट्या फुगून एकमेकींना घासू लागलेल्या असतात. एखादी दाबली की खालीच राहते. एखादा सूर बोट न लावताच बोलत राहतो, एखादा मुळीच बोलत नाही, आणि भात्याच्या घड्यांतून ओल्या कातड्याचा वास येतो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेल्या घरांत हे दर वर्षी घडते आणि दर वर्षी त्याच पेटीवर आरत्या आणि रात्रीची भजने कशीबशी निभावतात. विसर्जन आटोपले की घरात बोलणे निघते. आता हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, कोणी घेत असेल तर देऊन टाकू. या भागातल्या कितीतरी पेट्या अशा भाद्रपदाच्या अखेरीस उंबरा ओलांडून गेल्या.

ज्या दिवशी पेटी जाते त्या दिवशी घरात कोणाला वाईट वाटत नाही. अडगळ गेली, कोपरा मोकळा झाला, चार पैसे आले, एवढेच मनात असते. हळहळ पुढे कधीतरी येते, आणि ती येण्याची वाट जवळजवळ ठरलेली आहे. शेजारच्या गावच्या सप्ताहात कोणी एक पेटी वाजवत असतो, तिचा खर्ज भरलेला आणि गोल निघतो, आणि ऐकणाऱ्याला एकदम आपल्या घरातली पेटी आठवते. तिचा आवाज असाच होता का? की याहून बरा होता? या प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही, हे त्याच क्षणी समजते. तोवर विकलेली पेटी ही एक वस्तू असते. त्यानंतर ती एक आवाज होऊन मनात राहते. वस्तू दुसरी आणता येते, त्या आवाजाच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. असे का, हे पेटी उघडून पाहिल्याशिवाय उमगत नाही.

पेटीचा सूर पितळेच्या जिभलीतून निघतो. पितळेच्या छोट्या तुकड्याला एक चीर पाडलेली असते आणि तिच्यावर एका टोकाशी घट्ट बसवलेली पातळ जिभली असते. भात्यातली हवा त्या चिरेतून जाऊ लागली की जिभली थरथरते. लांब आणि जड जिभली खालचा सूर देते, आखूड आणि हलकी वरचा. साध्या पेटीत प्रत्येक पट्टीमागे एकच जिभली असते, चांगल्या पेटीत दोन किंवा तीन: खर्ज, नर, मादी. खर्ज-नराची पेटी भजनाला भारदस्त वाटते. दोन नर जोडले आणि त्यांच्यात अगदी नखाएवढा फरक राहू दिला, तर सुराला एक हलकी लहर येते. पण आवाज केवळ पितळेतून घडत नाही. जिभल्या ज्या लाकडी फळीवर बसतात तिची जाडी, त्यांखालच्या कप्प्यांची खोली, सागवान किती वर्षांचे आणि किती वाळलेले, भाता हवा किती धरतो आणि किती सोडतो, या सगळ्यांचे मिळून तिचे बोलणे ठरते. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात बांधलेल्या दोन पेट्याही सारख्या बोलत नाहीत.

समुद्रकाठच्या हवेला यातले काहीच मानवत नाही. खारे वारे पितळेवर कळंक चढवतात. जिभलीच्या टोकाशी मळ साचला की ती जड होते आणि सूर उतरतो. मुळाशी गंज धरला की ती कधीतरी अवचित तुटते. लाकूड पावसात फुगते, वैशाखात आवळते आणि वर्षानुवर्षांच्या या ताणाताणीत फळीला बारीक चिरा जाऊन हवा भलतीकडून सुटू लागते. उंदरांना भात्याचे कातडे आवडते, वाळवीला तळाची फळी. म्हणूनच या पट्ट्यात पेटी फार लवकर म्हातारी दिसू लागते. ती दिसते तेवढी म्हातारी नसते, ही गोष्ट मात्र विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला असते. कातडे बदलता येते, चिरा बुजवता येतात, पट्ट्या तासून मोकळ्या करता येतात, जिभल्या साफ करून पुन्हा सुरात आणता येतात. जाणता दुरुस्तीवाला मिळाला तर चार दिवसांत जी उभी राहिली असती, अशी पेटी निकामी समजून दिली गेली, हे उशिरा कळते, आणि हळहळीचा पहिला चटका या उशिरा आलेल्या शहाणपणाचा असतो.

दुसरा चटका जिभल्यांच्या मुलखाशी बांधलेला आहे. पेटीचे मूळ पॅरिसचे. १८४० च्या सुमारास अलेक्सांद्र दबाँ याने ते वाद्य सिद्ध केले, पायाने भाता चालवण्याचे. मिशनरी आणि व्यापारी यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने ते मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी लहान केले. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. पेटी इथे बांधली जाऊ लागली तरी जिभल्या बराच काळ परदेशातून येत राहिल्या, फ्रान्समधून आणि जर्मनीतून. जर्मन सुरांची पेटी म्हणजे उत्तम पेटी, ही समजूत महाराष्ट्रातल्या नाटक कंपन्यांपासून कोकणातल्या भजनी मंडळांपर्यंत सगळीकडे पक्की होती आणि ती निराधार नव्हती. त्या जिभल्यांचे पितळ, त्यांची घासाई आणि बसवणूक यांत एकसारखेपणा होता, हलक्या हवेलाही त्या चटकन बोलत. दुसऱ्या महायुद्धाने हा माल थांबवला, स्वातंत्र्यानंतरच्या आयात-निर्बंधांनी उरलेली वाट अरुंद केली आणि पुढे देशी जिभल्यांवर, विशेषतः गुजरातेतल्या पालिताण्याच्या कारागिरांवर, पेटीचा धंदा उभा राहिला. पालिताण्याच्या चांगल्या जिभल्या खरोखर चांगल्या असतात. पण ज्या घरातून जर्मन सुरांची पेटी गेली त्या घराला हे सांगून समाधान होत नाही. आजोबांनी घेतलेल्या पेटीत कोणते सूर होते हे त्या घरात कोणी पाहिलेलेही नसते. वरची फळी उघडून आतला छाप वाचावा हे कोणाला सुचलेले नसते. पेटी गेल्यावर दहा वर्षांनी एखादा जाणकार सहज विचारतो, सूर कुठले होते हो, आणि उत्तर नसते.

जिभली सुरात आणण्याची रीत समजली म्हणजे ही हळहळ इतकी खोल का जाते ते ध्यानात येते. सूर चढवायचा तर जिभलीचे टोक घासून हलके करतात. उतरवायचा तर मुळाजवळ घासून तिचा ताठरपणा कमी करतात. दोन्ही वेळा धातू कमी होतो. काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणजे प्रत्येक पेटी ही तिच्यावर आजवर बसलेल्या प्रत्येक हाताची नोंद असते. पेटीच्या बारा सुरांतला गंधार स्वाभाविक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला तो टोचतो. म्हणून पूर्वीचे कितीतरी गवई आणि बुवा आपल्या षड्जाला धरून पेटी लावून घेत. कोणाचा षड्ज काळी एकला, कोणाचा पांढरी चारला. अशा पेटीवर त्या षड्जातला गंधार इतका शांत लागे की गाणाऱ्याने त्यावर नुसते टेकावे. दुसऱ्या पट्टीपासून वाजवली तर तीच पेटी बेसूर. अशी एका माणसाच्या गळ्याभोवती बांधलेली पेटी विकली गेली की नवा मालक पहिले काम काय करतो? ती सर्वांना चालेल अशी लावून घेतो. कानस चार-सहा वेळा फिरते आणि कोण्या एका गावच्या बुवांनी तीस वर्षांत जपलेला गंधार भुशाबरोबर खाली पडतो. पुढे पेटी सापडली, परत विकत घेतली, अगदी त्याच कोनाड्यात आणून ठेवली, तरी तो गंधार तिच्यात नसतो.

गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात अशा गोष्टी फार सांगितल्या जातात, आणि त्यांतली एक इथे आठवण्यासारखी आहे. फ्लीटवूड मॅक या इंग्रज बँडचा संस्थापक पीटर ग्रीन याच्याकडे १९५९ सालची गिब्सन लेस पॉल गिटार होती. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने ती तरुण गॅरी मूरला विकली. मूरने ती तीन दशकांहून अधिक काळ वाजवली, १९९५ मध्ये ग्रीनच्या गाण्यांचा एक संग्रह तिच्यावर वाजवून प्रसिद्ध केला आणि २००६ मध्ये तीही त्याच्या हातून गेली. पुढे ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे पोचली. या गिटारचा आवाज काही स्थितींत अनुनासिक, पोकळ आणि विलक्षण हळवा निघतो आणि त्याचे कारण एक दोष आहे: तिच्या एका पिकअपमधले चुंबक उलटे बसलेले आहे. दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने ते सरळ करून दिले असते. जगभरच्या वादकांनी पुढे मुद्दाम चुंबके उलटी बसवून तो आवाज काढण्याचा प्रयत्न केला. कोकणातल्या पेटीवाल्याला ही कथा परकी वाटणार नाही. त्याच्याही आठवणीतल्या पेटीचा एक सूर किंचित फाटका होता, एक पट्टी जरा जड होती, आणि बोटांनी ते इतके ओळखून ठेवले होते की त्या पट्टीवर ती आपोआप अधिक दाब देत. नव्या पेटीवर बसल्यावरही काही महिने हात तिथे जोर लावत राहतो.

पेट्या विकल्या का गेल्या, याचा विचार करताना केवळ पावसाला जबाबदार धरून चालत नाही. एक काळ असा होता की पेटी घरात असणे हेच कमीपणाचे वाटू लागले होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियम वर्ज्य केली आणि ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. मींड न निघणारे, परदेशी, बारा सुरांत अडकलेले वाद्य, असे तिच्याविषयी मोठमोठे लोक बोलत होते. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर यांनी याच महाराष्ट्रात तिच्यातून काय काढून दाखवले ते ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. पण शिकल्यासवरल्या घरांत तंबोरा आला आणि पेटी आतल्या खोलीत गेली. आतल्या खोलीतली वस्तू पुढे माळ्यावर जाते आणि माळ्यावरची बाजारात. ज्यांनी त्या वर्षांत पेटी काढली त्यांनी आपली अभिरुची सुधारते आहे असे समजून काढली, आणि त्यांचा त्यात दोष मानता येत नाही.

पैशांची नड हे याहून साधे आणि अधिक खरे कारण. या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध पाण्यातून होता. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि गिरणगावात शिरायचे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत, तरी गावच्या मंडळाची पेटी, पखवाज आणि झांजांची पिशवी यांना जागा असे. लालबाग-परळची भजने या खोल्यांतून उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप कधी मिटलाच नाही. पहिल्या काही महिन्यांनंतर घराघरांतून भांडी, दागिने, शिलाई यंत्रे बाहेर पडू लागली. त्यांच्या बरोबर पेट्याही गेल्या. भांडी नंतर पुन्हा घेतली गेली. पेटी पुन्हा घ्यायची तर तिच्यावर बसणारा माणूस तोवर गावी परतलेला, किंवा वॉचमनच्या रात्रपाळीला लागलेला. मंडळ पांगलेले. त्या पिढीतल्या माणसांच्या बोलण्यात पेटीचा उल्लेख क्वचित येतो, आणि आला तर किंमत आठवते, कोणाला दिली ते आठवते, तारीखही आठवते.

सर्वांत अबोल हळहळ मात्र बायकांची आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून अलिबाग, पेण, मुरूड यांसारख्या गावांतल्या मुली पेटीवर गाणे शिकत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अलंकार घोकण्याचा आवाज वाड्यांतून ऐकू येई. मुलीचे लग्न झाले की पेटी माहेरी राही. सासरच्या खोलीत ती मावत नसे, किंवा तसे विचारण्याची रीत नव्हती. दोन-चार वर्षांनी माहेरी आल्यावर कोपरा रिकामा दिसे. वहिनी सांगत, वाजवणारे कोणी नव्हते, खराब होत होती, अमुक मंडळाला दिली. यावर काही बोलण्यासारखे नसे, कारण पेटी बापाने घेतलेली होती आणि भावाने दिलेली होती. जिची बोटे तिच्यावर घडली ती या व्यवहारात कुठेच नव्हती. विकणाऱ्याची हळहळ निदान आपल्या निर्णयाची असते. इथे तर निर्णयही दुसऱ्याचा. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी बायका निवृत्तीनंतर पेटी शिकायला पुन्हा बसतात आणि पहिल्या दिवशी त्यांची बोटे सारेगमवर आपोआप पडतात. शिकवणाऱ्याला आश्चर्य वाटते, त्यांना वाटत नाही.

याच किनाऱ्यावरून आणखी एका समाजाची घरे रिकामी झाली. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या गावांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल लोक मराठी बोलत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्यात मराठी कीर्तनाची प्रथा रुजली होती. बायबलातल्या आख्यानांवर, मराठी चालींत, पेटी-तबल्याच्या साथीने. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेले. अलिबागचे आणि रेवदंड्याचे सिनेगॉग अजून उभे आहेत. परदेशी कायमचे जाताना नेता येणारे सामान मोजकेच असते आणि जड लाकडी वाद्याची पाळी त्यात शेवटी येते. अशी निरोपाची विक्री नडीच्या विक्रीहून वेगळी. घेणारा ओळखीचा असतो, किंमत नावापुरती असते, आणि पेटी त्याच आळीत राहते. तिकडे गेलेल्यांनी मराठी कीर्तन सोडले नाही, मराठी नियतकालिकही चालवले. चाली सोबत गेल्या, कारण त्यांना वजन नव्हते.

न घेतलेल्या पेटीची गोष्ट याहून निराळी आहे आणि एका अर्थी अधिक चिवट. दादरला १९२५ पासून चालत आलेले हरिभाऊ विश्वनाथ यांचे दुकान, किंवा गिरगावातली वाद्यांची दुकाने, इथे गावाकडचा माणूस मुंबईच्या खेपेत हमखास डोकावे. एखादी पेटी काढून दाखवली जाई. तो मांडी घालून बसे, भाता उघडे, ओळखीच्या अभंगाची पहिली ओळ वाजवे आणि बोटांना कळून जाई की हीच. मग किंमत. खिशातल्या पैशांत बियाणे, औषध, मुलांची पुस्तके, लाँचचे भाडे. पुढच्या खेपेला नेतो, असे सांगून तो उठे. आगोट लागली की खेप बंद, पुढची दसऱ्यानंतर, आणि तोवर ती पेटी तिथे नसे. विकलेल्या पेटीचे निदान दोष आठवतात. न घेतलेली पेटी चार मिनिटेच वाजलेली असते, आणि त्या चार मिनिटांत तिने एकही चूक केलेली नसते. तिला पावसाळा लागलेला नाही, कळंक चढलेला नाही, उंदीर शिवलेला नाही. पुढे घेतलेल्या प्रत्येक पेटीची तुलना तिच्याशी होते आणि प्रत्येक पेटी हरते.

ऑर्गनच्या बाबतीत तर ही हळहळ सार्वजनिक म्हणावी अशी आहे. संगीत नाटकांच्या पिटात वाजणारा पायपेटीसारखा दिसणारा ऑर्गन हा खरे तर तिचा चुलतभाऊ. हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर दाबतो, तर अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाते, म्हणून त्याचा सूर मऊ आणि लांबत जाणारा. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन ज्यांनी ऐकला त्यांच्या कानात गाणे आणि ऑर्गन वेगळे निघत नाहीत. कंपन्या मोडल्या तसे ते ऑर्गन विखुरले: कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या देवळात, कुणाच्या कोठारात. परदेशातले कारखानेही बंद पडले. हौशी मंडळे उत्सवी नाटके करत त्या कोकणातल्या गावांत ऑर्गन स्वस्तात मिळण्याची एक वेळ येऊन गेली, आणि ठेवायचा कुठे या एका प्रश्नावर ती वेळ निसटली. आज जुना, बोलता ऑर्गन शोधणाऱ्यांना ती वेळ कोणत्या वर्षी होती हेही सांगता येते.

कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत पेटीबरोबर आणखी एका वाद्याचा हिशेब मांडावा लागतो: बेंजो. नाव बेंजो असले तरी हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. १९१२ मध्ये जपानात नागोयाच्या गोरो मोरिता याने टंकलेखन यंत्राच्या कळांची कल्पना तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य केले. ते समुद्रमार्गे इकडे आले, घराघरांत रमले, आणि मग मुंबई-रायगडच्या कोळ्यांनी त्याला पिकअप जोडून भोंग्यांतून बाहेर काढले. हळदीला, वरातीला, शिमग्याला, नारळी पुनवेला बेंजो पार्टी नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे. हे बेंजो बाजारातून तयार आलेले नसत. गावातला सुतार खोका करी, रेडिओ दुरुस्त करणारा पिकअप बसवी, वाजवणारा स्वतः कळांच्या उंचीवर महिने घालवी. तारांना खाऱ्या हवेने गंज चढतो, म्हणून प्रत्येक सुपारीनंतर त्या तेलाच्या फडक्याने पुसाव्या लागत. पुढे कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. एका कीबोर्डात सनई, बासरी आणि बेंजो तिन्ही निघतात म्हटल्यावर खोके भंगारात गेले. बेंजो अजून वाजतो, नव्या पार्ट्याही निघतात. पण जे खोके गेले त्यांचा माग काढणे पेटीहून कठीण, कारण त्यांच्यावर कंपनीचे नाव नव्हते, छाप नव्हता, साल नव्हते. कीबोर्डात बेंजोचा आवाज दाबून जुना वादक जेव्हा थबकतो, तेव्हा त्याला हवी असलेली गोष्ट कोणत्याच कळीवर नसते.

ज्यांनी काहीच विकले नाही त्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. छप्पर गेले म्हणजे सर्वांत आधी माळा उघडा पडतो, आणि जुन्या वस्तू माळ्यावरच असतात. पाण्यात भिजलेल्या पेटीचा सरस सुटतो, फळ्या विलग होतात, भाता पुठ्ठ्यासारखा गळून पडतो. ज्या घरांनी पेटी जपली, कोणी चांगली किंमत देत असतानाही दिली नाही, त्यांतल्या काहींच्या हाती ओंजळभर पितळी जिभल्या उरल्या. त्यांना उलटी हळहळ लागली: तेव्हा दिली असती तर आज कुठेतरी वाजत असती. जपणे आणि देणे यांत योग्य काय, हे या किनाऱ्यावर आधी ठरवता येत नाही. हवा, पाऊस आणि नड यांची पाळी कधी येईल त्यावर ते अवलंबून असते.

अलीकडे जुन्या पेट्यांना पुन्हा मागणी आहे. मुंबई-पुण्याचे वादक जर्मन किंवा फ्रेंच सुरांच्या पेट्या शोधत गावोगाव फिरतात, लाकूड गेलेले असले तरी आतल्या जिभल्यांसाठी किंमत देतात, आणि त्या जिभल्या नव्या सागवानात बसवून घेतात. अशा पेटीत आवाजाचा निम्मा भाग जुना आणि निम्मा नवा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात ऑर्गन नव्याने घडू लागले आहेत आणि संगीत नाटकांच्या प्रयोगांत वाजू लागले आहेत. मागणी वाढली तशी विकलेल्या पेटीची चौकशी करणारी घरेही वाढली. बहुतेक वेळा माग दुसऱ्या-तिसऱ्या मालकापाशी तुटतो. कधी मात्र ती शेजारच्या गावातल्या भजनी मंडळातच निघते: नवा भाता, नव्या पट्ट्या, वरून पॉलिश, आणि षड्ज बदललेला. मंडळाची वस्तू परत मागण्याची रीत नाही आणि सहसा कोणी मागतही नाही. जुन्या मालकाला ओळखणारे बुवा त्याला पुढे बोलावतात आणि एखाद्या गजरापुरती पेटी त्याच्याकडे सरकवतात. तो वाजवतो, कुठला सूर हलला आहे ते त्याला कळते, आणि दुरुस्तीवाला कधी यायचा आहे हे विचारून घेऊन तो त्या दिवशी हजर राहतो.